सात नंबरची प्रत

त्या दिवशी काम तसं किरकोळच होतं. जनरेटर सुरू करायच्या प्रोसिजरची नवी रिव्हिजन मंजूर होऊन आली होती. इमारतीत नऊ ठिकाणी टांगलेले जुने कागद काढायचे, त्यांच्या जागी नवे लावायचे, जुने मोजून परत आणायचे, रजिस्टरात तशी नोंद करायची आणि मग श्रेडरमध्ये घालून त्यांचा भुसा करायचा. शिक्केबाईंनी डबा खाल्ला, हात दोनदा धुतले, नऊ कागद छातीशी धरले आणि निघाल्या. अकरा वर्षं हेच काम. झोपेतून उठवून सांगितलं असतं तरी केलं असतं.

आता हे काम म्हणजे नेमकं काय ते आधी नीट ऐका, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. ही इमारत म्हणजे डेटा सेंटर. लोकांचे फोटो, पत्रं, आजारपणाचे रिपोर्ट, जे काही फोनमधून कुठेतरी जातं म्हणतात ना, ते जातं ती जागा. चार मजले, खिडकी एक नाही. आत हजारो मशीनं घोंघावत असतात आणि त्यांची वीज पापणी लवेपर्यंतसुद्धा जाऊन चालत नाही. म्हणून तिथे कागदाशिवाय पान हलत नाही. साधा नट फिरवायचा तरी त्याचा कागद असतो. त्यावर पायऱ्या लिहिलेल्या. एक पायरी झाली की शेजारच्या चौकोनात मार्करने आपलं आद्याक्षर टाकायचं, मगच पुढची. कागद प्लास्टिकमध्ये बंद केलेला, डोक्यावर 'नियंत्रित प्रत' असा लाल शिक्का आणि त्याखाली प्रतीचा नंबर. तो शिक्का मारायचा अधिकार एकट्या बाईंना, म्हणून त्या शिक्केबाई. कागद जन्मला कधी, टांगला कुठे, जुना कधी झाला आणि त्याला मूठमाती कधी दिली, सगळं त्यांच्या रजिस्टरात. आणि एक नियम सगळ्यांच्या वरचा: नवा कागद लावायच्या आधी जुना हातात आला पाहिजे. भिंतीवर दोन राहिले तर माणूस नेमका चुकीचा वाचतो आणि मरतो. नव्या माणसांना बाई हे हसत हसत सांगायच्या.

बाईंना घाणीचं भारी वावडं. टेबल दिवसातून चार वेळा पुसायच्या, दुसऱ्याच्या पेनाला हात लावायच्या नाहीत, लिफ्टचं बटण कोपराने दाबायच्या. नवरा म्हणायचा, "ही स्वर्गात गेली तरी आधी दाराची कडी पुसेल, मग आत जाईल." बाई त्यावर रागवायच्या नाहीत. उलट त्यांना ते कौतुकच वाटायचं.

नऊ जागा फिरून त्या आपल्या खोलीत परतल्या तेव्हा सव्वातीन झाले होते. खोली तळमजल्यावर, कडेला कपाटं, मध्ये टेबल. टेबलावर दोन ट्रे: एक द्यायच्या कागदांचा, एक परत आलेल्यांचा. दुसरा ट्रे जाताना रिकामा होता, हे त्यांना पक्कं आठवत होतं, कारण तो पुसूनच त्या गेल्या होत्या.

आधी वास आला. दारातच थडकला. सडक्या अंड्याचा वास, आणि त्याच्या तळाशी आणखी एक, गोडसर, उबट. जखम बांधून ठेवावी आणि दोन दिवसांनी पट्टी सोडावी, तेव्हा येतो तसा.

"शी! काय आहे हे?" बाई मोठ्याने म्हणाल्या. खोलीत कुणीच नव्हतं.

ट्रेमध्ये एक कागद पडला होता. ओला. प्लास्टिकला फोड आले होते, भाजल्यावर कातडीला येतात तसेच, आणि आत पिवळं पाणी होतं. बाईंनी नाक दाबून फूटपट्टीच्या टोकाने कागद जरासा उचलला, तर ते पाणी एका फोडातून दुसऱ्यात सरकलं. कडेने तपकिरी लाळ सुटली होती. बाईंनी कसंबसं डोकं वाकडं करून वरची ओळ वाचली. बॅटरी बदलण्याची प्रोसिजर. रिव्हिजन तीन. नियंत्रित प्रत क्रमांक सात.

बाई खुर्चीत बसल्या. 

कारण सात नंबरची ती प्रत तीन महिन्यांपूर्वीच नष्ट झाली होती. रजिस्टरात स्वच्छ लिहिलेलं होतं: परत मिळाली, नष्ट केली, खाली बाईंची सही. आणि खरं काय झालं होतं, ते जगात एकट्या बाईंनाच ठाऊक होतं.

तीन महिन्यांपूर्वी वीज साठवायच्या बॅटऱ्या नव्या पद्धतीने जोडल्या गेल्या. पूर्वी बॅटरी काढायच्या आधी एक स्विच बंद करायचा असे, आता वीज दोन बाजूंनी येऊ लागली, म्हणून दोन. रिव्हिजन चार निघाली. बाई नवे कागद घेऊन फिरल्या, आणि सगळ्यात शेवटी बॅटरी रूमच्या दाराशी पोचल्या. आत एक बॅटरी फुगून गळत होती. दार उघडताच सडक्या अंड्याचा असा भपकारा आला की बाईंच्या घशाशी आलं. जुना कागद आत, समोरच्या भिंतीवर, फार तर दहा पावलांवर. बाईंनी पाऊल आत टाकलं नाही. नवा कागद दाराच्या बाहेरच्या कप्प्यात खोचला, 'उद्या वास कमी झाला की जुना काढू' असं मनाशी म्हणाल्या, आणि खोलीत येऊन रजिस्टरात बारा प्रतींपुढे बारा टिका मारून मोकळ्या झाल्या. उद्या दुसरं काम निघालं. परवा तिसरं.

सहाव्या दिवशी मास्तर कामावर रुजू झाले. मास्तर म्हणजे बॅटरीचं काम करणारा सगळ्यात जुना माणूस. नव्या लोकांना तेच शिकवायचे म्हणून मास्तर. महिनाभर रजेवर होते, त्यांच्या पाठीमागे जोडण्या बदलल्या हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते आत गेले, वर्षानुवर्षं जिथे टांगलेला असे तिथून कागद काढला आणि पायरीपायरीने काम करू लागले. एक स्विच बंद केला. सहाव्या पायरीला पान्याने दोन बॅटऱ्या जोडणारी पट्टी सोडवायला गेले. दुपारचे सव्वातीन वाजले होते. बॅटरी फुटली, आम्ल अंगावर उडालं. मास्तर नऊ दिवस हॉस्पिटलात होते, मग गेले. तो कागद त्यांच्या खिशात होता की हातात, कपड्यांबरोबर कुठे गेला, कुणी विचारलं नाही. चौकशी झाली. बाहेरच्या कप्प्यात नवा कागद होता, रजिस्टरात जुना नष्ट झालेला होता. अहवालात एक वाक्य आलं: 'सदर कर्मचाऱ्याने प्रोसिजर न वाचता मनाने काम केले.' त्या अहवालाला लाल शिक्का मारला तो बाईंनीच. तेव्हा हात थरथरला नव्हता, हे सांगायलाच हवं.

आणि आता तो कागद ट्रेमध्ये होता. पहिल्या पाच चौकोनांत मास्तरांचं आद्याक्षर, खालच्या टोकाला गाठ मारल्यासारखं वळण असलेलं. सहाव्यात अर्धंच, पुढे फराटा.

'कुणाला तरी सापडला असणार,' बाईंच्या मनात आलं. 'सापडला आणि गुपचूप ठेवून गेला. म्हणजे कुणाला तरी कळलंय.' खाई त्याला खवखवे, दुसरं काय! आधी किळस, मग भीती, मग पुन्हा किळस. हा कागद कुणी पाहिला तर नोकरी गेली. नुसती नोकरी नाही, एका माणसाचा जीव आपल्या नावावर लागला. बाईंनी हातमोजे घातले, श्वास कोंडला आणि कागद श्रेडरच्या तोंडाशी धरला. मशीन गुरगुरलं. फोड फुटताना बारीक पचपच आवाज आला, आणि खालच्या टोपलीत पट्ट्या पडल्या त्या सळसळत नाही, तर थपथप पडल्या.

हात किती वेळा धुतले याची गणती नाही. घरी पानात उकडलेलं अंडं पाहिलं आणि बाई तोंडावर हात दाबून मोरीकडे पळाल्या.

"काय गं, आता अंड्यानेही तुझं काही बिघडवलं की काय?" नवऱ्याने थट्टेने विचारलं.

"माझ्या हाताला वास येतोय का बघ."

त्याने हुंगला. "साबणाचा येतोय. कातडं निघेल हां, पुरे कर आता."

दुसऱ्या दिवशी सव्वातीनला बाई जागेवरून हलल्या नव्हत्या. फक्त कपाटाकडे तोंड करून एक फाईल शोधली, तेवढंच. वळल्या तर वास, आणि ट्रेमध्ये कागद. तोच. काल त्याच्या ज्या पट्ट्या झाल्या होत्या, त्या एकमेकींना चिकटून आल्या होत्या. उभ्या रेघांवर पिवळ्या खपल्या धरल्या होत्या, खरचटलेल्या गुडघ्यावर धरतात तशा. एक खपली ओली होती. आणि सहाव्या चौकोनातलं अर्धं आद्याक्षर आता पुरं झालं होतं. सातवाही चौकोन भरला होता. सातवी पायरी: काढलेली बॅटरी ट्रॉलीवर ठेवा.

 कात्रीने बाईंनी कागदाचे तुकडे तुकडे केले, पिशवीत बांधले आणि स्वतः जाऊन इमारतीबाहेरच्या मोठ्या कचरापेटीत टाकून आल्या. त्या रात्री नखं कापताना करंगळीच्या नखाखालून काहीतरी निघालं. पातळ, पारदर्शक, कातडीसारखं. बाईंनी ते दिव्याखाली धरून पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सफाईच्या मावशी टोपली रिकामी करायला आल्या आणि दाराशीच थबकल्या.

"बाई, तुमच्या त्या मशीनमध्ये काहीतरी मेलंय."

"काही नाही हो मावशी. कागद आहेत."

"कागद मी रोज उचलते, मला कागद शिकवता?" मावशींनी नाकावर हात घेतला. "मी उंदीर उचललेत, मांजर उचललंय, पण हे नाही उचलायची. तुम्हीच बघा."

मावशी गेल्या. बाईंनी मशीनचं झाकण काढलं. आत, पात्यांना, पांढरट काहीतरी लोंबत होतं. दुधावरची साय बोटाने ओढावी तसं. हातमोज्याच्या आतूनही ते कोमट लागलं. बाईंनी ओढलं तर ते तुटेना, लांबत गेलं, आणि त्यातून केस निघाले, चार-पाच, आखूड, पांढरे. बाई तिथेच टोपलीत ओकल्या. ओकून झाल्यावर त्यांना रडू आलं, आणि रडताना मनात विचार काय आला म्हणाल तर, आता ही टोपली कोण धुणार!

तेवढ्यात मुख्य दारावरून पहारेकऱ्याचा फोन आला. मास्तरांची बायको भेटायला आली होती.

भेटायची खोली बाहेरच्या दाराशी. ती ताठ बसली होती, मांडीवर अहवालाचं पाकीट घेऊन. अंगाने किडकिडीत, डोळे कोरडे. बाई समोर बसल्या, तेही खुर्ची जरा मागे सरकवून.

"मी फार वेळ घेत नाही," ती म्हणाली. "अहवालात लिहिलंय, ह्यांनी कागद वाचला नाही. बाई, हा माणूस औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी दोनदा वाचायचा. दुसऱ्यांदा बोट ठेवून. आता लोक म्हणतात, मास्तर दुसऱ्याला शिकवायचे आणि स्वतः निष्काळजी. माझी मुलगी शाळेतून रडत आली. मला दुसरं काही नको. तेवढं वाक्य काढायला सांगा."

"ते माझ्या हातात नाही हो... नोंद जशी असेल तसं लिहितात."

"नोंद तुम्ही करता."

"हो."

"जुना कागद तुमच्या हातात आला होता? तुम्ही पाहिला होता?"

किती सोपा प्रश्न. हो की नाही, एवढंच. बाईंना आपल्या बोटांचा वास येत होता आणि वाटत होतं, हिलाही येत असणार.

"आला होता," बाई म्हणाल्या.

तिने मान हलवली, पाकीट उचललं आणि गेली. भांडली असती तर बरं झालं असतं. बाई खोलीत परतल्या तेव्हा अजून सव्वातीन व्हायचे होते, आणि झाल्यावर कागद आला. या वेळी आठवा आणि नववा चौकोन भरलेला. नववी पायरी: सांडलेलं सगळं पुसून घ्या. कागद खरंच कशाने तरी पुसल्यासारखा दिसत होता. पिवळ्या पाण्याचे गोल गोल फराटे, मध्ये मध्ये बोटांच्या रेषा. बाईंनी तो फाडला नाही. फाडायचा धीरच उरला नव्हता. ट्रेवर दुसरा ट्रे पालथा घातला आणि घरी गेल्या.

चौथ्या दिवशी पालथा ट्रे बाजूला होता, त्याच्या जागी. खालचा रिकामा. पुसलेला.

दहावी पायरी काय ती बाईंना पाठ होती. प्रत्येक प्रोसिजरच्या शेवटी तीच असते, त्यांनीच घातलेली: काम पूर्ण झाल्यावर भरलेला कागद शिक्केबाईंना दाखवून त्यांची सही व तारीख घ्यावी. अकरा वर्षांत बाकी सगळे लोक कंटाळा करायचे, कागद दाराशी टाकून पळायचे. एकटे मास्तर समोर उभे राहून सही घ्यायचे. "झाली का हो बाई? नीट बघून करा," म्हणायचे.

तीनला बाईंनी खुर्ची दाराकडे वळवली आणि ट्रे मांडीवर घेतला. 'आज डोळा हलवायचा नाही,' त्यांनी ठरवलं. बाहेर मशीनं घोंघावत होती. दिवे लख्ख होते. मावशी कुठेतरी कुणाशी तरी हसत होत्या. सगळं जग जागच्या जागी होतं, भर दुपार होती, आणि सव्वातीनला दाराबाहेरच्या, कार्ड लावून आत यायच्या मशीनने 'टिंग' केलं. दार उघडलं नाही. वास आत आला.

तो थेट बाईंच्या समोर येऊन थांबला. वास असा थांबतो का कधी? पण थांबला. माणूस उभा राहील तेवढ्या उंचीवर, तेवढ्या अंतरावर. फरशीवर काहीतरी ठिबकलं. मग पुन्हा.

"मास्तर...?"

ठिबक... ठिबक...

"मास्तर, मी... मला वास सहन झाला नाही हो. दहा पावलं होती नुसती..."

 मांडीवरच्या ट्रेला वजन आलं. बाईंनी खाली पाहिलं. कागद आला होता, ओला, कोमट, अंग शहारून बारीक हलल्यासारखा. ट्रेच्या कडेवर चार ओल्या बोटांचे ठसे होते. त्यांतल्या एकाला नख नव्हतं. दहाव्या पायरीपुढे आद्याक्षर होतं आणि त्याच्या बाजूला एक चौकोन रिकामा होता. सही व तारीख.

बाई रडत होत्या, नाकातून पाणी गळत होतं, आणि ते पुसायलाही हात उचलत नव्हता. इतकी किळस त्यांना जन्मात कशाची आली नव्हती, आणि त्यातली निम्मी आता स्वतःची होती. त्यांनी मार्कर घेतला. टोक टेकताच प्लास्टिक आत दबलं, मऊ, आणि फोडातून पिवळं पाणी येऊन त्यांच्या अंगठ्यावर ओघळलं. त्यांनी सही केली. खाली तारीख घातली, त्या दिवसाची, खरी. वर लिहिलं: आज परत मिळाली.

ठिबकणं थांबलं. कार्डच्या मशीनने पुन्हा 'टिंग' केलं.

मग मात्र बाईंनी हात धुतले नाहीत. तशाच अंगठ्याने रजिस्टर उघडलं. चुकीची नोंद खोडायची तर तिच्यावर एकच रेघ मारायची असते, खालचं वाचता येईल अशी. बाईंनी रेघ मारली, बाजूला खरं काय झालं ते चार ओळींत लिहिलं आणि रजिस्टर घेऊन वरच्या मजल्यावर साहेबांकडे गेल्या. चौकशीचा अहवाल साहेबांच्याच सहीने निघाला होता.

साहेबांनी चष्मा लावून वाचलं. काढून पुसला. पुन्हा वाचलं.

"बाई, मिटलेलं प्रकरण कशाला उकरून काढताय? तुम्हीही बुडाल, मलाही बुडवाल."

"वाक्य काढा साहेब. मास्तरांनी कागद वाचला होता."

"घरी जा. उद्या बोलू."

बाई घरी गेल्या नाहीत. कागद स्वच्छ पिशवीत घातला आणि चालत मास्तरांच्या घरी गेल्या. दोन गल्ल्यांपलीकडे दुसऱ्या मजल्यावर घर. दार उघडंच होतं. मास्तरांची बायको कपडे घड्या करत होती. बाईंनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, वासाचं, दहा पावलांचं, बारा टिकांचं. एकही शब्द मऊ केला नाही. कागद परत कसा आला ते फक्त सांगितलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही.

तिने पिशवीतून कागद काढला. नुसत्या हातांनी.  तिने तो नाकाशी नेला आणि डोळे मिटले.

"हाच वास," ती म्हणाली. "नऊ दिवस मी ह्यांचं अंग पुसत होते. हाच." तिने कागद छातीशी धरला, पिवळं पाणी तिच्या कपड्यात जिरलं. मग डोळे उघडले आणि बाईंकडे पाहिलं. "तुम्हाला वास आला म्हणून तुम्ही आत गेला नाहीत. माझा माणूस त्या वासात तीस वर्षं रोज जात होता. घरी आला की मुलगी त्याच्या गळ्यात पडायची. तिला कधी घाण वाटली नाही."

बाईंनी ओला अंगठा मुठीत झाकला.

"मी तुम्हाला माफ करणार नाही," ती शांतपणे म्हणाली. "पण तुम्ही लिहिलंत, ते बरं केलंत. आता एक खरं सांगा. न बघता 'परत मिळाली' म्हणून लिहिलेले असे किती कागद आहेत तुमचे?"

"हा एकच," बाई म्हणाल्या. जीभ आपोआप वळली. जित्याची खोड!

 तिने मान किंचित तिरकी केली, आतल्या खोलीच्या दाराकडे. आतून कुणी हळू आवाजात काही सांगत असावं आणि आपण ऐकावं, तशी. खोलीत दिवा नव्हता. बाईंना काहीही ऐकू आलं नाही.

"ते म्हणतात, चौदा," ती म्हणाली.

जिना उतरताना बाई बोटांवर मोजू लागल्या. बॅटरीचा एक. थंड पाण्याच्या पंपाचा एक, तो गच्चीवर होता आणि तिथे कबुतरांची घाण होती. डिझेलच्या टाकीचे दोन, तिथे तेल सांडलेलं असतं. पाण्याच्या तळटाकीचा एक, तिथे झुरळं. आग विझवायच्या गॅसचा. लिफ्टच्या खड्ड्याचा... प्रत्येक ठिकाणी काहीतरी घाण होती, आणि प्रत्येक ठिकाणी बाईंचा पाय दारातच अडला होता. आठवत आठवत त्या रस्त्याच्या कडेला थांबल्या, लोकांनी धक्के दिले तरी हलल्या नाहीत. तेरा झाले. चौदावा काही केल्या आठवेना. कुठली खोली, कुठली भिंत, कुणाचं काम, काही म्हणजे काही नाही.

बाई उलट फिरल्या आणि पळत सुटल्या. इमारतीच्या दाराशी पोचल्या तेव्हा धाप लागून डोळ्यांपुढे अंधारी येत होती. मशीनला कार्ड लावलं. लाल दिवा. पुसून पुन्हा लावलं. लाल दिवा. पहारेकरी काचेआडून बाहेर आला, आणि त्याच्या चेहऱ्यावर अवघडलेपण होतं.

"बाई, साहेबांचा फोन आला होता मघाशी. तुमचं नाव यादीतून काढलंय. मला आत सोडता येत नाही."

"मला नका सोडू. पण आत फोन करा, आत्ताच्या आत्ता. म्हणावं, सगळी कामं थांबवा. जुने कागद लावलेले राहिलेत. ते वाचून कुणी काही करू नका म्हणावं."

पहारेकऱ्याने घाईघाईने फोन उचलला, नंबर फिरवला आणि फोनवर हात धरून विचारलं, "कुठले कागद, बाई? कुठल्या खोल्यांतले सांगू?"

बाईंनी आठवल्या तेवढ्या खोल्या भराभर सांगितल्या, आणि चौदाव्या कागदाशी येऊन त्या तोंड उघडून तशाच उभ्या राहिल्या. आत फोन कुणीतरी उचलला होता. "बोला," पलीकडून आवाज येत होता, "बोला ना, पटकन बोला, आमचं काम चालू आहे."